टॉवेलच्या मागाचा फुगलेला आकडा, जीडीबी आणि मॅक्रो : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मागांवर बसवलेल्या मोजणी यंत्रांचा प्रोग्राम सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. प्रोग्राम सी भाषेतला असून छोट्या लिनक्स बोर्डावर चालतो. मागाने टाकलेला प्रत्येक आडवा धागा, म्हणजे पिक, मोजून त्यावरून तो कापडाची लांबी काढतो. तक्रार अशी होती की एका मागाच्या डिस्प्लेवर ९६,००० पिकांचे २,००० इंच दिसत आणि पाळीच्या अहवालात त्याच पिकांचे २,४०० इंच छापले जात. मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने निकाल देऊन टाकला होता, “साहेब, मागावरचा आकडा बरोबर हाय, तुमचा कागद फुगतोय.” मजुरी लांबीवर ठरत असल्याने विषय मागे ठेवण्यासारखा नव्हता.

एकीकडे इंचाला ४८ पिक धरले जात होते आणि दुसरीकडे ४०, एवढे भागाकारावरूनच कळत होते. पण सोर्स कोडमध्ये दोन्ही ठिकाणी ‘पिक्स_पर_इंच’ हे एकच मॅक्रो, म्हणजे एखाद्या किमतीला किंवा मजकुराला दिलेले नाव, होते. जीडीबी या डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत पाहण्याच्या साधनात, अहवालाच्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबा) लावून मी त्याची किंमत प्रिंट करायला सांगितली, तेव्हा या संदर्भात असे सिंबॉलच (नावच) नाही, असे उत्तर मिळाले. जीडीबीच्या बाजूने ते खरेच होते. व्हेरिएबलला रजिस्टरमध्ये किंवा मेमरीत जागा असते आणि ती कुठे आहे हे कंपायलर डीबग माहितीत नोंदवतो. मॅक्रोचे नाव मात्र कंपाइल होण्याआधीच्या प्रीप्रोसेसरच्या पायरीवरच पुसले जाते आणि त्याच्या जागी नुसता ४० किंवा ४८ पुढे जातो. कंपायलरने हे पुसलेले नाव मुद्दाम लिहून ठेवले नसेल, तर डीबगरला ते कळण्याची सोय नाही.

आमच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलीत, डीबग माहिती मागणारा नेहमीचा ‘-जी’ हा पर्याय होता. जीसीसी या कंपायलरमध्ये त्याचा अर्थ डीबग माहितीची दुसरी पातळी असा होतो आणि तिच्यात मॅक्रो येत नाहीत. त्यासाठी ‘-जी३’ द्यावे लागते. क्लँग हा कंपायलर वापरणाऱ्यांनी ‘-एफडीबग-मॅक्रो’ हा वेगळा पर्याय द्यावा. फाइल फुगेल ही भीती रास्त आहे, कारण आपले मॅक्रो सोडाच, सिस्टिमच्या हेडरमधले (इतर फाइलींना जोडल्या जाणाऱ्या सामायिक व्याख्यांच्या फाइलींतले) आणि कंपायलरने आधीच ठरवलेले शेकडो मॅक्रोही त्यात नोंदले जातात. ड्वार्फ या डीबग माहितीच्या स्वरूपाच्या २०१७ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत ‘.डीबग_मॅक्रो’ हा विभाग आहे आणि एकाच हेडरच्या नोंदी अनेक फाइलींना त्यात वाटून घेता येतात, त्यामुळे भार काहीसा आवरतो. आम्ही बोर्डावर स्ट्रिप केलेला, म्हणजे डीबग माहिती काढून टाकलेला, प्रोग्रामच ठेवला, डीबग माहितीसह असलेली प्रत माझ्या संगणकावर ठेवली आणि दोन्ही बोर्डावर चालणाऱ्या जीडीबीसर्व्हरने जोडले. बोर्डावरची जागा त्यामुळे अडली नाही.

नव्याने कंपाइल केलेला प्रोग्राम त्याच ब्रेकपॉइंटवर थांबवून ‘इन्फो मॅक्रो पिक्स_पर_इंच’ असे विचारले. उत्तरात किंमत होती ४०, आणि तिच्याबरोबर व्याख्या कोणत्या हेडरच्या कितव्या ओळीवर आहे आणि ते हेडर कोणत्या फाइलीने कुठे जोडले आहे, याचीही साखळी होती. मग ‘अप’ म्हणून मी कॉल करणाऱ्या फंक्शनच्या फ्रेममध्ये, म्हणजे मागाच्या फाइलीत गेलो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता उत्तर ४८ आले, हेडरही दुसरे निघाले. मॅक्रोच्या बाबतीत जीडीबी निवडलेल्या फ्रेमची ओळ पाहतो आणि त्या ओळीवर जी व्याख्या लागू असेल ती सांगतो. म्हणून एकाच थांब्यावर एकाच नावाची दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात.

कारण पुढे सरळ होते. सामायिक हेडरमध्ये, आधी व्याख्या नसेल तर ४० धरा, अशी ‘इफएनडेफ’ची सोय कोणीतरी करून ठेवली होती. मागाची फाइल त्या मागाचे कॉन्फिगरेशन हेडर आधी जोडत होती, अहवालाची फाइल ते जोडतच नव्हती. दोन्ही फाइली वेगवेगळ्या कंपाइल होत असल्याने कंपायलरला तक्रार करायला जागा नव्हती. असली मुकी डीफॉल्ट किंमत मला पहिल्यापासूनच आवडत नाही. ती काढून मी तेथे ‘#एरर’ टाकले, म्हणजे हेडर जोडायचे राहिले तर कंपाइलच थांबेल, आणि अहवालाच्या फाइलीला कॉन्फिगरेशन हेडर जोडले.

‘-जी३’ मेकफाइलमध्ये तसाच ठेवला आहे, पण ‘प्रिंट’ जपून वापरावे लागते. आमच्याकडे सेन्सरच्या बफरमधली पुढची नोंद काढणारे एक मॅक्रो आहे आणि त्यात इंडेक्स एकने वाढतो. जीडीबी ते विस्तारून, म्हणजे नावाच्या जागी मूळ मजकूर घालून, खरोखर चालवतो, त्यामुळे नुसते बघायला गेले तरी चालू प्रोग्राममधला इंडेक्स सरकतो आणि एक नोंद निसटते. तेथे मी ‘मॅक्रो एक्स्पांड’ वापरतो; तो विस्तारलेला मजकूर दाखवतो, काही चालवत नाही. कंस आणि महिरपी एकत्र वापरणारी जीसीसीची खास विधाने ज्या मॅक्रोंत आहेत, त्यांच्यावर ‘प्रिंट’ अडतो, पण विस्तार तेथेही बघता येतो.

मॅक्रोच्या आत ओळीओळीने जाण्याची सोय मात्र ‘-जी३’नेही होत नाही. दहा ओळींचे मॅक्रो असले तरी त्याचे सगळे मशीन कोड ते जेथे वापरले आहे त्या एका ओळीच्या नावावर लागते, आणि ‘स्टेप’ म्हटले की ते एका दमात ओलांडले जाते. आत शिरणे अगदी गरजेचे असेल तेव्हा मी ती एक फाइल ‘-ई’ आणि ‘-पी’ देऊन प्रीप्रोसेस करतो, फॉरमॅटरने तिच्या ओळी मोकळ्या करतो आणि मूळ फाइलीच्या जागी तीच कंपाइल करतो. ‘-पी’मुळे मूळ ओळींच्या खुणा गळतात आणि डीबगर विस्तारलेल्या मजकुरावरच चालतो. बफरच्या मॅक्रोचे स्टॅटिक इनलाइन फंक्शन करण्याचे काम सध्या हाती घेतले आहे; फंक्शनच्या आत डीबगरला ओळीओळीने जाता येते, म्हणजे त्या ठिकाणी तरी ही उठाठेव करावी लागणार नाही.