विल्नव्ह म्हणजे नवं गाव

१ जुलै १९७९ची, फ्रान्समधल्या दिझाँची फॉर्म्युला वन मोटारशर्यत मी कितीदा पाहिली, मोजदाद नाही. शेवटच्या फेऱ्यांत झील विल्नव्हची लाल फेरारी आणि रने आर्नूची पिवळी रेनो चाकाला चाक घासत, रस्त्याबाहेर जाऊन पुन्हा आत घुसत झुंजतात. तीही दुसऱ्या क्रमांकासाठी! पहिला केव्हाच पुढे निघून गेलेला. झीलने दुसरा क्रमांक सोडला नाही. १९८२मध्ये बेल्जियममधल्या झोल्डरच्या पात्रता फेरीत अपघात होऊन तो गेला, तेव्हा त्याचा मुलगा झाक ११ वर्षांचा होता. त्याच झाकने १९९७मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. हे आठवलं की आजही गळा दाटून येतो.

पुढे फ्रेंच शिकायला लागले तेव्हा कळलं, विल्नव्ह म्हणजे सरळसरळ 'नवं गाव'. मध्ययुगात फ्रान्समधले राजे, सरदार, मठ नव्या वस्त्या वसवत, माणसं यावीत म्हणून करात सवलती देत. अशा वस्तीला दुसरं काय नाव देणार? त्यामुळे विल्नव्ह ढीगभर झाली, आणि तिथून बाहेर पडलेल्यांचं तेच आडनाव झालं. गावं ओळखू यावीत म्हणून पुढे शेपूट लागतं. विल्नव्ह-स्यूर-लो म्हणजे लो नदीवरचं. विल्नव्ह-ले-आव्हिन्याँ म्हणजे आव्हिन्याँच्या शेजारचं. मधे फक्त ऱ्होन नदी. यातला 'ले' म्हणजे 'जवळ'. बोलण्यातून हा शब्द कधीच गेला, गावांच्या पाट्यांवर मात्र टिकलाय. मला तो फार आवडतो.

ट्रफाल्गारच्या सागरी लढाईत इंग्रज नौसेनापती नेल्सनकडून हरलेला फ्रेंच नौसेनापतीही विल्नव्हच. नावाआधीचा सरदारकीचा 'द' त्याने राज्यक्रांतीत टाकून दिला होता. १८०५मध्ये तो इंग्रजांच्या कैदेत पडला. सुटून मायदेशी परतला आणि १८०६च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या रेन शहरातल्या एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला, अंगावर चाकूचे वार. आत्महत्या, असा निकाल दिला गेला. इतिहासाने त्याच्या वाट्याला फक्त पराभव ठेवला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि माझं सगळ्यात लाडकं विल्नव्ह फ्रान्समध्ये नाहीच, ते स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी आहे. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ तिथे राहत. डिसेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी काही दिवस त्यांच्याकडे थांबले होते. एका संध्याकाळी गांधीजींनी बेथोव्हन ऐकायची इच्छा सांगितली, आणि रोलाँनी पियानोवर पाचव्या सिम्फनीतला संथ भाग वाजवला.