सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग : फोर बाय फोरमागे कॅराव्हॅन जोडून

पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नसतं, हे आईनं निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत चार वेळा सांगितलं. पण नवरात्र लागल्यावर तुळजापूर रस्त्यावर मागे डबा जोडून जाण्यात काही अर्थ नाही. कोजागरीला तर सोलापुरातून लाखो माणसं अनवाणी चालत निघतात आणि तो रस्ता वाहनांना बंद करतात. तेव्हा पितृपक्ष तर पितृपक्ष. आई, बायको, दाजी आणि मी. सोलापूरहून घाट चढून तुळजापूर, तिथून नळदुर्ग, आणि हैदराबाद हायवेनं परत. फेरी जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरची, मुक्काम दोन. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, ओढायला आपली गाडी कितपत भरवशाची, हे एवढ्यात कळतं. आमचं कळलं.

गाडी नऊ वर्षांची. डिझेल, मॅन्युअल गिअर, शिडीसारख्या चौकटीच्या चासीवरची फोर बाय फोर, म्हणजे गरजेला चारही चाकांना ओढ देणारी, आणि लो रेंजवाली, म्हणजे हळू पण जास्त ताकदीचे गिअर असलेली. एक लाख बत्तीस हजार किलोमीटर झालेत. रिकामी गाडी साधारण १,९५० किलो. कॅराव्हॅन एका आसाची, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणाऱ्या एका कारागिराकडून बांधून घेतलेली. त्यामुळे गल्लीत तिला सगळे ट्रॉलीच म्हणतात. कागदावर रिकामी ७८० किलो. भांडीकुंडी, गाद्या, गॅस, पाणी भरून एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर चढवली तेव्हा १,०६० भरली. पावणेतीनशे किलो सामान आपण कधी भरलं, हे आम्हा चौघांपैकी कुणालाच सांगता येईना. आईच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा सोडला तर बाकी सगळं बिनकामाचंच होतं, असं दाजींचं म्हणणं. वजनकाट्याला फार पैसे पडत नाहीत. एवढं केल्याशिवाय निघू नका.

काट्यावर एकूण वजन कळतं, ते कुठं बसलंय ते कळत नाही. आमची पहिली चाचणी मोहोळकडच्या हायवेवर झाली होती, या सहलीच्या महिनाभर आधी. ऐंशीच्या वेगात एक व्होल्वो शेजारून गेली आणि मागचा डबा शेपूट हलवायला लागला. आधी हळू, मग गाडीचा मागचा भागच इकडून तिकडे. ऑफरोड गाडी असल्याची घमेंड तिथंच उतरली. मी ब्रेक मारला नाही, कारण पाय गारठला होता. नशीब की तेच बरोबर होतं. असं झालं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. वेग वाढवून सरळ होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

घरी आल्यावर कारण सापडलं. ऐंशी लिटरची पाण्याची टाकी कारागिरानं अगदी मागच्या टोकाला बसवली होती, नळाला सोपं पडतं म्हणून. म्हणजे शेपटीला ऐंशी किलो. हिचवर, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅनच्या जोडावर, किती भार येतो ते मोजायला बाथरूममधला माणसांचा वजनकाटा घेतला, त्यावर लाकडी ठोकळा उभा केला आणि कॅराव्हॅन आडवी, सपाट राहील अशा बेतानं तिचं नाक त्यावर टेकवलं. ३८ किलो. एकूण वजनाच्या चार टक्केसुद्धा नाही. पाच ते दहा टक्के लागतात. टाकी आसाच्या वर आणली, गॅस सिलिंडर पुढच्या पेटीत घेतला, ज्वारीच्या पिठाचं पोतं मागच्या कप्प्यातून पुढं. नाक ८४ किलोवर आलं. त्यानंतर या सगळ्या प्रवासात ती एकदाही हलली नाही. खर्च झाला तो तीन फूट पाइपचा.

इथं गाडीच्या निवडीबद्दल माझं मत सांगून टाकतो, कारण लोक हेच विचारतात. ऑफरोड गाडी म्हणजे ओढायला उत्तम, हे अर्धंच खरं आहे. ओढण्याची ताकद कुठल्याही चांगल्या डिझेलमध्ये असते. मागचा डबा पुढच्या गाडीला किती हलवू शकतो, हा खरा प्रश्न आहे. तो सुटतो पुढच्या गाडीच्या वजनावर आणि दोन आसांमधल्या अंतरावर. तीन दारांच्या थारचं हे अंतर २,४५० मिलिमीटर, तीन दारांच्या गुरख्याचं २,४००. फॉर्च्युनर २,७४५, स्कॉर्पिओ-एन २,७५०, आणि व्ही-क्रॉससारखा पिकअप ३,०९५. आखूड गाडी खडकावर वळायला छान. तोच आखूडपणा हायवेवर एक टनाच्या डब्यापुढं अंगाशी येतो. माझी गाडी मधल्या मापाची आहे आणि मला ती पुरेशी वाटते. आखूड गाडीमागं मी छोटी, सहा-सातशे किलोची तंबूवाली ट्रॉलीच जोडेन. बाहेरच्या देशांत नवशिक्यांना सांगतात की कॅराव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत असू द्या. आपल्याकडचे गतिरोधक, उलट दिशेनं येणारे ट्रॅक्टर आणि मध्येच वळणाऱ्या मोटारसायकली बघता मी साठच्या वर जाणार नाही. आमचं चोपन्न पडतं.

आणि ब्रेक. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे असतात. आमच्या कारागिरानं ‘गाडीचेच ब्रेक पुरतात हो’ म्हणून टाळायचा प्रयत्न केला होता. हट्टानं बसवून घेतले. पद्धत साधी आहे. पुढची गाडी मंदावली की मागचा भार हिच दाबतो, त्या दाबानं रॉड सरकतो आणि कॅराव्हॅनचे ड्रम ब्रेक धरतात. यात एक खोच आहे, ती शेवटी येईलच.

सकाळी सहाला निघालो. रस्ता चौपदरी, चांगला. सत्तरच्या वर काटा जाऊ दिला नाही. टोलनाक्यावर कडेची लेन घ्या आणि मागं ट्रेलर आहे हे आधीच सांगा. फास्टॅग गाडीच्या वर्गाचा आणि मशीनला दिसतो तिसरा आस, त्यामुळे थोडी चर्चा होतेच. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, तिची कागदपत्रं हाताशी ठेवा. विमा कंपनीलाही जोडणीचं आधी कळवलेलं बरं. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण रस्त्यावर भेटणाऱ्या माणसाला आपला डबा बघून अजून टपरीच आठवते. तामलवाडीच्या पुढं चहाला थांबलो तर एका काकांनी चक्कर मारून विचारलं, “वडापावची का ओ? कुठं लावायला चाललाव?”

तुळजापूरचा घाट मोठा नाही. सह्याद्रीतले घाट पाहिलेला माणूस त्याला घाट म्हणणारही नाही. पण पुढं उसाचा ट्रक पंधराच्या वेगानं चढत होता आणि ओलांडायची सोय नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, त्याच्या मागं. दुसऱ्या वळणाला तापमानाचा काटा निम्म्यावरून उठला. या गाडीत नऊ वर्षांत तो निम्म्यावरून हललेला मी पाहिला नव्हता. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला. आई मागून म्हणाली, “बाहेर काय कमी उकडतंय का?” हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, त्यानं काटा जरा थांबला. वर सपाटीवर जागा मिळताच बाजूला घेतली. इंजिन लगेच बंद केलं नाही, दोन-तीन मिनिटं चालू ठेवलं. रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेल्या दाजींचा हात धरला. ते गरम असताना कधीच उघडायचं नाही.

दोष रेडिएटरचा नव्हताच. अशा गाड्यांत पंखा इंजिनवरच फिरतो आणि मध्ये सिलिकॉन तेल भरलेलं व्हिस्कस कपलिंग असतं. गरम झालं की ते पंख्याला घट्ट पकडतं. तेल गळून गेलं की पंखा नुसता आळसावून फिरतो. हायवेवर समोरून वारा येतो म्हणून कळत नाही. हळू चढावर, मागं एक टन असताना, कळतं. तपासायची युक्ती सोपी आहे : गरम इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून, पंख्याचं पातं हातानं फिरवायचं. जाणवण्यासारखा अडकाव लागला पाहिजे. आमचं भिंगरीसारखं चार फेरे फिरलं. माझ्या मेकॅनिकनं हे सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, “आत्ता चालतंय बे, पण बदल.” मी चालवलं. गाडीच्या भरवशाबद्दल विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एकटी फिरताना जे दुखणं गाडी लपवते, ते कॅराव्हॅन बाहेर काढते. पंखा, क्लच, मागच्या स्प्रिंगा, कूलंट आणि गिअरबॉक्सचं तेल आधी बघून घ्या. आमच्या मागच्या स्प्रिंगा बसल्यात हेही त्याच संध्याकाळी कळलं. समोरचा प्रत्येक ट्रक डिपर मारत होता, कारण गाडीचं नाक वर उचललं जाऊन आमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यात.

तुळजापुरात कॅराव्हॅन आत नेऊ नका. चढउतार, गल्ल्या, रिक्षा. बायपासच्या बाजूला ओळखीच्या धाब्यावर उभी केली आणि दर्शनाला गेलो. पितृपक्षामुळे अर्ध्या तासात दर्शन झालं, यावर आई गप्प बसली.

नळदुर्ग तिथून तीस-पस्तीस किलोमीटर. रस्त्यात दर थांब्याला एक काम केलं : कॅराव्हॅनच्या दोन्ही चाकांच्या मधल्या भागाला हाताची मागची बाजू लावून पाहायची. दोन्ही सारखी कोमट, ठीक. एक चटका देत असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक. टायरवर लिहिलेला भारांकही बघा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, दोन मिळून १,१२०. आमच्या १,०६० ला हे फारच काठावर. आता जड वाहनाचे टायर घालतोय.

नळदुर्गला बोरी नदी भरून वाहत होती आणि किल्ल्याच्या बंधाऱ्यातल्या पाणीमहालावरून नर-मादी नावाचे दोन्ही धबधबे कोसळत होते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे बांधकाम. धबधब्याच्या आत, पाण्याच्या पडद्यामागं खिडकीत उभं राहता येतं. आई तिथून हलायला तयार नव्हती. पाणी पडताना बघायचं असेल तर पाऊस चांगला झालेल्या वर्षी सप्टेंबरात जा, उन्हाळ्यात नुसती भिंत दिसते. गावातल्या रस्त्यानं कॅराव्हॅन किल्ल्यापर्यंत न्यायचा विचार करू नका. आम्ही ती दाजींच्या मावसभावाच्या शेतात लावली होती.

ती चूक. रात्री तासभर परतीचा पाऊस झाला. सकाळी कॅराव्हॅनची चाकं काळ्या मातीत वीतभर. सोलापूरकडची ही माती वाळल्यावर भेगाळते आणि भिजली की साबण होते. भारीतले खाचांचे टायरसुद्धा दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतात. लो रेंज, दुसरा गिअर, हळू क्लच. गाडी फूटभर सरकली आणि मागचं सगळं आणखी रुतलं. जोडून ओढायचा हट्ट सोडला. हूक काढला, एकटी गाडी टायरची हवा अठरावर आणून मुरुमाच्या रस्त्यावर काढली. कॅराव्हॅनच्या चाकांपुढं कडबा आणि पोती टाकली, दहा मीटरचा पट्टा तिच्या चासीला बांधला, दुसरं टोक गाडीच्या चासीच्या हुकात. पट्टा हिचच्या गोळ्यात अडकवू नका. गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो. दाजी आणि मावसभाऊ लांब उभे राहिले, मी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये सावकाश पट्टा ताणला, आणि कॅराव्हॅन चिखल सोडून कडब्यावर आली. फोर बाय फोरचे पैसे वसूल झाले ते या चाळीस मीटरमध्ये. बाकीच्या प्रवासात दोन चाकांचीच ओढ होती. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावायचाही नसतो, गिअरची यंत्रणा आपसात ओढाताण करते.

डिझेल एरवी लिटरला बारा देते, ओढताना आठ पडलं. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणालाही बसू देऊ नका. आईला आत आडवं व्हायचं होतं, परतीच्या रस्त्यावर त्यावरून बरंच झालं.

घरी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमचं दार जरा चढावर. मागं घ्यायला लागलो, शेजारचे सहा जण सहा दिशांनी “येऊ द्या, येऊ द्या” करत. कॅराव्हॅन जागची हलेना. लो रेंज लावला तरी नाही, क्लचचा वास मात्र पूर्ण गल्लीत. मागं जाताना भार पुन्हा हिचला दाबतो आणि ब्रेक आपले आपण लागतात. त्यासाठी हिचवर एक छोटी कडी असते, ती आधी पाडायची. ती पाडायची राहिली होती. शेवटी पाचवीतल्या एका पोरानं वाकून विचारलं, “काका, हे काय आहे?” आणि बोटानं ती कडी दाखवली.