पानफुटीचा डबा आणि साडेसहाशेच्या कड्या

आमच्या परसात, धुण्याच्या दगडाजवळ, रंगाच्या रिकाम्या डब्यात पानफुटी आहे. मुतखड्यावर चालते असं म्हणतात, म्हणून सासूबाईंनी कधीतरी आणून लावलेली. गेल्या वर्षी श्रावणात त्या तिची पानं खुडून टाकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "किडलीत गं. आतून पोखरलीत सगळी."

एक पान उचलून उजेडात धरलं. वरची साल शाबूत, खालची साल शाबूत आणि मधल्या गराच्या जागी एक फिकट अळी, मागे काळ्या विष्ठेची रांग.

"आई, राहू द्या ही पानं. या अळीचं फुलपाखरू होणार आहे."

इंग्रजीत त्याला रेड पिएरो म्हणतात. मिटलेले पंख पांढरे, त्यावर काळे ठिपके, मागच्या पंखाला शेंदरी पट्टा आणि बारीक शेपटी. उडतं जमिनीलगत, हळूहळू. अळ्या पानफुटीच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात, त्यामुळे ते आमचा डबा सोडून फार लांब जात नाही. स्वस्तातल्या सामानाने फोटो काढणाऱ्या माणसाला याहून चांगलं फुलपाखरू मिळायचं नाही.

सामान खरंच स्वस्तातलं आहे. आमचं चिपळुणात झेरॉक्सचं दुकान. 22 जुलै 2021च्या पुरात मशीन, संगणक, कागदाची रिमं, सगळं गेलं. पुढची दोन वर्षं कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही. मग एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅनन 550डी 9,000 रुपयांना घेतला, आणि 50 मिमीची एफ 1.8 लेन्स 3,500ला. लेन्स मुद्दाम जुनी घेतली, एसटीएम नावाची नवी फोकस-मोटर नसलेली. कारण पुढे सांगते.

अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स परवडत नाही, म्हणून साडेसहाशे रुपयांच्या तीन एक्स्टेन्शन ट्यूब मागवल्या. या नुसत्या पोकळ कड्या, आत काच नाही. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवल्या की लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागापासून, लांब जाते आणि जवळची वस्तू फोकसमध्ये येते. प्रतिमा किती मोठी पडेल त्याचा हिशोब सोपा आहे: कडीची जाडी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, माझ्या लेन्सची 50 मिमी. माझी सगळ्यात जाड कडी 28 मिमीची, म्हणजे सेन्सरवर प्रतिमा खऱ्या आकाराच्या अर्ध्याहून थोडी मोठी. तिन्ही कड्या लावल्या तर जवळजवळ खऱ्या आकाराएवढी, पण मग लेन्सचं तोंड फुलपाखरापासून चार बोटांवर येतं. उजेडही बराच कमी होतो.

या स्वस्त कड्यांमध्ये विजेची जोडणी नसते. कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही, त्यामुळे अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड सोडणारं छिद्र, सताड उघडं राहतं आणि फोटोत फक्त एक मिशी स्पष्ट येते. पहिले आठ दिवस माझं हेच होत होतं. उपाय असा: लेन्स थेट कॅमेऱ्याला लावायची, एफ 11 ठरवायचं (हा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), छिद्र तेवढं मिटवून दाखवणारं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. छिद्राची पाती तेवढी मिटलेलीच राहतात. मग कड्या चढवायच्या. एसटीएम लेन्सची फोकसची रिंग वीज नसेल तर काम करत नाही, जुन्या लेन्सची करते. म्हणून जुनी. तरी मी रिंग क्वचितच फिरवते. कोपर गुडघ्यावर टेकवून अख्खी मीच केसभर पुढेमागे होते.

एफ 11लाही स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. म्हणून मिटलेले पंख आणि सेन्सर एकमेकांना समांतर हवेत. पावसाळी उजेडात फ्लॅशशिवाय भागत नाही. कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश वापरते, शटर 1/200 सेकंद, आणि पुढे दुकानातला ट्रेसिंग पेपर दुहेरी करून रबरबँडने बांधते. पांढऱ्या पंखावरची भगभग त्याने गेली.

पण हे सगळं जमलं ते कोषामुळे. एका पानाखाली पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा, लवदार कोष होता. एका संध्याकाळी तो काळवंडलेला दिसला. पहाटेच पाट टाकून बसले. साडेसातच्या सुमारास कोष उकलला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन ते देठावर चढलं आणि लटकून राहिलं. पंख ताणले जाऊन वाळेपर्यंत त्याला कुठे जाताच येत नाही. तेवढा वेळ मला चार बोटांवर बसता आलं. मी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होते. पंखांवरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात, हे वाचलेलं होतं. त्या दिवशी शेंदरी पट्ट्याच्या कडेला ते एकेक वेगळे दिसले आणि माझे हात थरथरायला लागले.

फुलपाखरू हलू नये म्हणून काही लोक त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. हा छळ आहे. गारठलेल्या जिवाचे पाय विचित्र पडतात, मिशा लुळ्या होतात. थांबायचंच असेल तर कढीपत्त्यापाशी थांबा, लिंबापाशी थांबा, रुईपाशी थांबा; तिथे फुलपाखरं अंडी घालायला येतात. आमच्या गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवरची रुई कुणीतरी दिवाळीच्या साफसफाईत मुळासकट काढली, पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या असताना. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तो फोटो मी दुकानात ए-फोर कागदावर छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेली माणसं वाकून बघतात, "हे कुठलं, जंगलातलं का?" विचारतात. मी मागे जाऊन पानफुटीचं एक पान आणून देते. मातीवर नुसतं टाकलं तरी कडेच्या खाचांमधून रोपं फुटतात. आतापर्यंत अकरा जणांनी पान नेलंय. देताना सासूबाई आता आतूनच ओरडून सांगतात, "पोखरलेली पानं काढू नका हो!"