मावळ्याच्या पायाखालची जमीन : आमची वाटचाल

शोकेसमधल्या छोट्या मूर्ती ज्या जमिनीवर उभ्या असतात, ती जमीन आम्ही पुण्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तयार करतो. मूर्ती घडवणारे आणि रंगवणारे कलाकार वेगळे. आमचं काम पायांपासून खाली सुरू होतं.

सुरुवात दिवाळीतल्या किल्ल्यांपासून झाली. सोसायट्यांना, शाळांना किल्ले करून द्यायचो. पोती, माती, दगड, वर पेरलेले हळीव. दिवाळी सरली की हात रिकामे. मग एका संग्राहकाने ५४ मिलिमीटरचा मावळा आणून दिला. अंगरख्याची प्रत्येक चुणी सुरेख रंगवलेली आणि पायाखाली हिरवा रंग फासलेली लाकडी चकती! त्यांना तिथे सिंहगडाचा कडा हवा होता. ते काम पाहून त्यांच्या ओळखीतले आणखी लोक आले, आणि आम्ही किल्ले थांबवून पूर्ण वेळ बेसकडे, म्हणजे मूर्तीखालच्या या जमिनीकडे, वळलो.

या कामात पहिला प्रश्न मापाचा. ५४ मिलिमीटरची मूर्ती म्हणजे साधारण एकास बत्तीस, खऱ्या माणसाच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढी. तिच्याशेजारी एक सेंटिमीटरचा खडा ठेवला तर तो खरा एक फुटाहून मोठा धोंडा होतो. म्हणून खडीचा चुरा आम्ही तीन-चार चाळण्यांतून काढतो आणि मातीच्या जागी बहुतेक ठिकाणी अगदी बारीक भुकटीच वापरतो. सहा मिलिमीटरचं गवत या मापात जवळजवळ वीतभर दिसतं.

दुसरा प्रश्न ऋतूचा, आणि माझ्या मते खरी कस लागते ती इथेच. सिंहगडची लढाई फेब्रुवारी १६७० मधली. त्या दिवसांत सह्याद्रीवर गवत वाळून पिवळंधमक झालेलं असतं, मधूनमधून काळा कातळ आणि तांबूस माती उघडी पडते. तिथे हिरवंगार गवत लावलं तर कितीही सफाईने लावा, ते खोटंच. पावनखिंड जुलै १६६० मधली. तिथे चिखल, शेवाळ, ओला चकाकणारा दगड. प्रतापगडाचा प्रसंग नोव्हेंबर १६५९ चा, म्हणजे गवत शेंड्याला पिवळं आणि बुडाशी अजून हिरवं. ऑर्डर घेताना आम्ही प्रसंग आणि महिना आधी विचारतो, आकार नंतर.

दगडही सगळीकडे सारखा नाही. काळ्या कातळासाठी एक्सपीएस फोम (थर्माकोलच्या जातीचा, पण घट्ट) हाताने तोडतो आणि चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा त्यावर दाबत जातो. खरबरीतपणा हुबेहूब उतरतो. जांभ्यासाठी त्याच फोमवर थिनरचे थेंब सोडतो. थिनर फोम खातं आणि जांभ्यासारखी वेडीवाकडी भोकं पडतात. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावूनच. मग वर फेव्हिकॉलचा हात. तो दिला नाही तर नंतरचा रंगाचा स्प्रे उरलेला फोमही खाऊन टाकतो.

गवत माझी बहीण लावते. नायलॉनचे बारीक तंतू विजेच्या भाराने गोंदात उभे राहतात. पावसाळ्यात दमट हवेने ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही कातळ आणि लाकडाची कामं पुढे घेतो. ग्राहकांना मुदतही तशीच सांगतो.

मूर्ती बसवताना तळपायात पितळी तार घालून ती बेसमध्ये उतरवतो आणि पाऊल मातीत किंचित रुतवतो. टाचेखाली केसाएवढी फट राहिली तरी माणूस हवेत तरंगतो, त्याचं वजन जमिनीवर येत नाही.

‘प्रत्यक्ष गडावरची माती घाला’, अशी मागणी बऱ्याचदा येते. त्यामागची भावना आम्हाला कळते, पण गडावरून दगड-माती आम्ही आणत नाही. बरेचसे गड संरक्षित स्मारकं आहेत, आणि तसे नसते तरी आणली नसती. खडीच्या कारखान्यातला चुरा त्याच काळ्या दगडाचा असतो.

सध्या सागरी किल्ल्यांसाठी बेस करतो आहोत. ओहोटीला उघडा पडलेला खडक, भरतीच्या रेषेपर्यंत गडद, त्यावर फिकट. खडकाला चिकटलेली कालवं अंड्याच्या टरफलाच्या चुऱ्यातून करून पाहतोय. कडा अजून हव्या तितक्या धारदार येत नाहीत, तोवर या बेसच्या ऑर्डर घेणार नाही.