तुम्ही विचारलंत म्हणून: संकटात साहेब कसा हवा?

"मॅडम, संकटात कडक साहेब बरा की सगळ्यांचं ऐकणारा?" आपत्कालीन तयारीचं प्रशिक्षण फोर्टातल्या बँकेत असो की अंधेरीच्या कारखान्यात, चहाच्या सुट्टीत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि त्यात आपल्या साहेबाची तक्रारही दडलेली असते. म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मुंबईतला २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. कंपन्यांची मुख्यालयं कुलाब्याच्या बाजूला, नरिमन पॉइंट, फोर्ट, बॅलार्ड इस्टेटला. तिथल्या खिडकीतून दिसत होता तो जुलैतला नेहमीचा पाऊस. तिकडे उपनगरांत दुपारी अडीचनंतर कलिना, कुर्ला, साकीनाका पाण्याखाली जात होते. लोकल बंद, फोन लागत नाहीत. अशा वेळी कडक साहेब म्हणणार, "सोडा सगळ्यांना लवकर." हुकूम ठाम, शिवाय माणुसकीचाही. पण त्यानं लोक सरळ रस्त्यावरच्या पाण्यात जातात. त्या दिवशी बंद गाड्यांत अडकून माणसं गुदमरून गेली. बरं, ऐकणारा साहेब काय करणार? केबिनमधल्या चौघांना विचारणार, आणि ते चौघंही त्याच खिडकीतून बघणार. स्वभाव वेगळे, माहिती तीच. खरं चित्र दिसत होतं कुर्ल्याच्या कारखान्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या शिफ्ट इन्चार्जला, आणि "कुणी बाहेर पडायचं नाही, वरच्या मजल्यावर चला" एवढं सांगण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो. विचारायला फोन लावावा तर तो लागत नाही.

त्यामुळे स्वभाव राहू दे, आधी कागद दाखवा. कुठली खूण दिसली की कोणी, कुणालाही न विचारता काय करायचं, हे त्यावर लिहिलेलं हवं. आवारातलं पाणी पहिल्या पायरीला टेकलं की खालच्या विजेच्या पॅनेलचा मेन स्विच बंद. पाणी पॅनेलपर्यंत पोचल्यावर त्याला कुणीही हात लावायचा नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद. जेवण, पाणी, औषधं, टॉर्च यांवर शाखेनं मंजुरीविना किती खर्च करायचा, तो आकडा रुपयांत. "आवश्यकतेनुसार" लिहिलं की कुणी पाकिटाला हात घालत नाही. माणसं सोडायचा निर्णय जागेवरच्या प्रमुखाचा, तोही निघायची आणि पोचायची, दोन्ही टोकं तपासूनच. दर अर्ध्या तासानं मजलावार हजेरी. प्रमुखाच्या खाली दोन नावं, कारण प्रमुख स्वतःच दादरला लोकलमध्ये अडकलेला असू शकतो. आणि एक माणूस फक्त लिहिणारा: वेळ, माहिती, कुणाकडून आली, काय ठरलं. निर्णय घेणाऱ्यानं हे लिहायला बसू नये. (जनरेटर तळघरात ठेवला असेल तर यातलं बरंचसं वाया. त्याचा नेतृत्वाशी संबंध नाही म्हणता? तळघरात ठेवायला मंजुरी कुणी दिली?)

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, एका माणसाच्या हाताखाली पाच जण उत्तम. आपल्याकडे २० खातेप्रमुख थेट साहेबालाच फोन लावतात. मग धूर बघितलेल्याला लाइन बिझी लागते.

हुकूम वाईट, असं मात्र माझ्या तोंडी घालू नका. आग लागली की बैठक घ्यायची नसते. "संकटात एकच आवाज" हे वाक्य माझ्याच जुन्या टिपणांत आहे आणि आगीपुरतं मी ते आजही खोडणार नाही. पण पूर, साथ, दिवसेंदिवस चालणारी संकटं? २०२० मध्ये कोविडच्या खाटांचं वाटप महापालिकेनं २४ विभागांच्या वॉर रूमकडे सोपवलं. एका मध्यवर्ती हेल्पलाइनवर अख्खं शहर तुटून पडत होतं, तो भार वाटला गेला. त्याच सुमारास वरून एक कडक हुकूमही निघाला: पॉझिटिव्ह अहवाल प्रयोगशाळेनं रुग्णाला न देता थेट पालिकेला द्यायचा. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. अहवाल रुग्णाचा असतो. पण यादी आधी हातात आल्याशिवाय विभाग खाट कशी नेमून देणार, हाही प्रश्न खोटा नव्हता. मग याला कडक म्हणाल की ऐकणारं?

"म्हणजे अधिकार वाटून दिला की झालं?" हा तुमचा पुढचा प्रश्न. नाही. पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात त्याच शिफ्ट इन्चार्जला "कुणाच्या परवानगीनं यंत्रं बंद केलीत?" असा मेमो गेला, तर पुढच्या पावसात तो फोन लागायची वाट बघत बसेल. म्हणून कागदावर शेवटचं कलम हवं: वरच्या खुणांनुसार घेतलेल्या निर्णयाबद्दल कारवाई नाही, नुकसान झालं तरी. सह्या करताना नेमक्या याच कलमावर पेन थांबतं. हिशेब खातं म्हणतं, यानं कुणीही काहीही करेल. त्यांची भीती अगदीच निराधार नाही, आणि तिच्यावर मला अजून पक्कं उत्तर सापडलेलं नाही.