अमावस्येचं मटण

22 नोव्हेंबर 2022, मंगळवार. दुपारी साडेतीनला फुटबॉल वर्ल्ड कपची मॅच, कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर, अर्जेंटिना–सौदी अरेबिया. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक कमी आणि मेस्सीची माणसं जास्त होती. शटरवर आकाशी-पांढरा झेंडा आठवडाभर आधीच चढवलेला. समोरच्या बोळात ब्राझीलवाले. त्यांचा पिवळा झेंडा आमच्यापेक्षा हातभर मोठा, ते दुखणं वेगळं.

पैज लागली ती माझ्या तोंडामुळं. फॅब्रिकेशनवाले मामा सातबाराची झेरॉक्स काढायला आले होते. अख्ख्या गल्लीचे मामा, साठी ओलांडलेली, एकेकाळी तालमीच्या फुटबॉल टीममध्ये स्टॉपर, म्हणजे डिफेन्समधला मधला गडी. मी म्हटलं, "मामा, आज चार तरी बसणार सौदीला." मामा कागदावरची शाई वाळलीय का ते बघत म्हणाले, "बघू की."

आता या 'बघू की'त चिडण्यासारखं काय होतं? पण मी पेटलो. "लावा मग! अर्जेंटिना जिंकली तर तुम्ही मला एक प्लेट भजी आणि चहा. सौदी जिंकली तर दहा माणसांना मटण माझ्याकडनं. तांबडा-पांढऱ्यासकट."

मामांनी चष्मा काढला. "आणि बरोबरी झाली तर?"

"तर काय नाही."

"लावली."

जो माणूस बरोबरीचं विचारून घेतो तो हिशेब करून बसलाय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. अर्जेंटिना सलग 36 सामने हरली नव्हती, आणखी एक झाला की इटलीच्या 37 च्या विक्रमाची बरोबरी. फिफाच्या यादीत ते तिसरे, सौदी 51 वी. एवढं मला पाठ होतं. पाठ नव्हतं ते साधं त्रैराशिक. भजी-चहा चाळीस रुपयांचा आणि दहा माणसांचं मटण दोन हजारांचं. म्हणजे चाळीस मिळवायला मी दोन हजार पणाला लावले. अशी पैज पन्नास वेळा जिंकलो असतो तेव्हा कुठं एका हरण्याची भरपाई झाली असती. सट्टा-बुकी यांच्या वाटेला मी जात नाही, बेकायदा आहे तो धंदा. पण त्या धंद्यातलं कच्चं पोरसुद्धा असला भाव देणार नाही. पुढं वाचलं की ग्रेसनोट नावाच्या आकडेमोड करणाऱ्या कंपनीनं सौदीच्या जिंकण्याची शक्यता 8.7 टक्के काढली होती. म्हणजे साधारण अकरा-बारा मॅचमध्ये एकदा. मी पन्नासला एक दिला. खात्री कसली, मस्ती होती ती.

मॅच मोबाईलवर, मोबाईल शाईच्या बाटलीला टेकवलेला. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, 1–0. मी गल्लीत जाऊन नाचून आलो. त्यानंतर पहिल्या हाफमध्येच अर्जेंटिनानं आणखी तीनदा बॉल जाळ्यात घातला, मी तीनदा उठलो, आणि तिन्ही वेळा गोल रद्द, ऑफसाइड. म्हणजे पास सुटताना आमचा गडी त्यांच्या डिफेन्सच्या पलीकडं गेलेला. मजा म्हणजे गोल रद्द व्हायच्या आत स्टुलावर बसलेल्या मामांचा हात वर. सौदीची डिफेन्सची लाइन पार सेंटरलाइनजवळ उभी होती. एक जण मागं राहिला की संपलं, एवढा धोका. पण कोण मागं राहतच नव्हता.

"ही पोरं रोज एकत्र खेळत्यात गड्या," मामा म्हणाले. "एका तालमीची टीम हाय ही."

खरंच होतं. सौदीचे सगळेच्या सगळे खेळाडू त्यांच्याच देशातल्या लीगमधले, त्यातही अल-हिलालचा भरणा. आमच्या शाहू स्टेडियमवर आम्ही हे दर हंगामात बघतो. बाहेरनं भारी प्लेअर आणलेली टीम गल्लीतल्या पोरांकडनं मार खाते. पण ते इथं लावून बघायचं डोक्यात आलं नाही.

हाफटाइमला मी भजीची ऑर्डर देऊ का विचारलं. मामा म्हणाले, "नव्वद मिनिटं होऊ दे."

48 व्या मिनिटाला सौदीच्या अल-शेहरीचा गोल, 1–1. 53 व्या मिनिटाला अल-दोसारीनं दोघातिघांना चकवून बॉल असा वरच्या कोपऱ्यात घातला की ब्राझीलवाल्यांची आरोळी बोळातनं आधी आली आणि माझ्या मोबाईलवर गोल नंतर दिसला. नेट अडकलं होतं. मग सौदीचा गोलकीपर अल-ओवैस भिंतीसारखा उभा. शेवटी सौदीच्याच अल-शहरानीला आपल्याच गोलकीपरचा गुडघा तोंडावर बसला, वेळ लांबतच गेली, आणि मी पेपर मोजायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभा राहिलो. 2–1.

मामा उठले. "उद्या घाल."

"एवढी काय घाई? आणि उद्या अमावस्या आहे."

"परवापासनं मार्गशीर्ष. म्हंजे महिनाभर सुटलास. उद्याच."

घरी सांगितलं तेव्हा बायको देव्हाऱ्यातली भांडी घासत होती, गुरुवारच्या घटाची तयारी. तिनं वर बघितलंच नाही. "गच्चीवर करा. माझ्या स्वयंपाकघरात काय आणायचं नाही, आणि भांडी तुमची तुम्ही घासायची." त्या बुधवारी सौदीच्या राजानं अख्ख्या देशाला सुट्टी दिली होती. मी दुकान बंद ठेवून गच्चीवर अडीच किलो मटण शिजवत होतो. तीन नारळ खवताना बोट सोलवटलं. पांढऱ्याला खसखस-काजू वाटून घातले आणि दूध फुटू नये म्हणून डाव फिरवत उभा राहिलो. मामांनी दहा म्हणून तेरा माणसं आणली, त्यातली पाच ब्राझीलवाली. पहिल्या वाटीला मामा म्हणाले, "मीठ कमी हाय."

सौदी पुढं पोलंड आणि मेक्सिकोकडून हरून घरी गेली. अर्जेंटिना त्याच लुसैलच्या मैदानावर 18 डिसेंबरला फ्रान्सविरुद्ध फायनलला उतरली. त्या संध्याकाळी मी मामांना गाठलं. म्हटलं, भरपाई करायची संधी द्या, सारख्याला सारखं, शंभरला शंभर.

"सारख्याला सारखं मी लावत नसतोय," मामा म्हणाले. "आणि आमचं मोठं पातेलं कधी परत करतोयस?"