जत्रेच्या रात्रीसाठी फोन निवडताना

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेत मी दीड-दोनशे फोटो काढले होते, पण देवळाच्या संग्रहात ठेवण्याजोगे त्यांतले जेमतेम सात निघाले. वेंगुर्ले तालुक्यातल्या इतर गावांप्रमाणे आमच्याकडेही जत्रेच्या रात्री दशावतार होतो. पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार, म्हणजे नाटकाआधीचा पूर्वरंग, रंगतो, पुढे आख्यान लागते आणि उजाडताना दहीहंडी फुटते. या सगळ्याची चित्ररूपाने नोंद राहावी, अशी देवस्थानच्या मंडळींची इच्छा होती आणि ते काम त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिले होते. प्रत्यक्षात काळ्या पोशाखातला संकासुर मागच्या काळोखात विरून गेला, राजाचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत आला आणि युद्धाच्या प्रसंगात तलवारींच्या जागी नुसते पांढरे फराटे उमटले. हे मनाला फार लागले. म्हणून या वर्षी कार्तिक लागण्याआधीच घरातले तीन फोन घेऊन दिवसा आणि रात्री त्यांची नीट तुलना करायचे मी ठरवले.

तीन फोनांपैकी एक माझा, चार वर्षे वापरलेला, मध्यम किमतीचा. दुसरा दादाचा, त्याने मुंबईहून आणलेला महागडा. तिसरा भाच्याचा, नवा आणि स्वस्त, ज्याच्या पाठीवर ५० मेगापिक्सेल असे ठळक छापलेले आहे. एकच जागा, एकच वेळ आणि एकच अंतर ठेवून तिन्ही फोनांवर एकेक दृश्य टिपायचे आणि फोटो फोनच्या पडद्यावर न पाहता लॅपटॉपवर उतरवून पाहायचे, एवढे दोनच नियम मी घालून घेतले. प्रत्येक फोनचा पडदा आपल्या परीने रंग चढवतो, त्यामुळे तिथे केलेली तुलना कॅमेऱ्यांची न राहता पडद्यांची होऊन बसते.

दिवसाची चाचणी वेंगुर्ले बंदरावर आणि आमच्या घराच्या जांभ्याच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी केली. जांभा दगड या कामासाठी उत्तम. त्याच्या प्रत्येक छिद्रात सावलीचा एक ठिपका असतो, काठावर तांबूस कण असतात आणि मधूनच शेवाळाची हिरवी झाक दिसते. फोटो मोठा करून पाहिला की कॅमेऱ्याने किती खरे टिपले आणि किती मनाने भरले, हे तिथे लपत नाही. सकाळी अकराच्या उन्हात दादाच्या फोनने छिद्रांच्या कडा स्वच्छ दाखवल्या, माझ्या फोनने दगड किंचित नारिंगी केला, तर भाच्याच्या फोनने माडाच्या झावळ्यांच्या कडेने पांढरी रेघ ओढली, कारण रेखीवपणा वाढवण्याच्या नादात त्याचे सॉफ्टवेअर अती करत होते. मात्र हे सारे फरक फोटो चौपट मोठा केल्यावरचे. काकूला तिन्ही फोटो शेजारी लावून दाखवले, तेव्हा तिने भाच्याचा सर्वांत बरा म्हणून उचलला आणि वर म्हणाली, "एकाच गडग्याचे किती फोटो काढतलंस गो?" दुपारच्या उघड्या उन्हात साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचे एकक) प्रकाश असतो आणि एवढ्या उजेडात लहानातला लहान सेन्सरही, म्हणजे लेन्समागची प्रकाश टिपणारी चकतीही, पोटभर जेवते, म्हणून दिवसाच्या फोटोंवरून फोनची परीक्षा करणे मला अपुरे वाटते.

रात्रीची पहिली फेरी वाया गेली. बंदरावरून परस्पर देवळात गेले होते आणि तिन्ही फोनांवर दिव्यांभोवती धुरकट वलये व लांब किरणे येत होती. कारण शोधता शोधता लेन्सवर बोट फिरवले, तर खारट चिकट थर हाताला लागला. समुद्राची दमट हवा आणि बोटांचे तेल यांचा असा पातळ थर दिवसा जाणवतही नाही, पण अंधारात एकच दिवा समोर असला की तोच उजेड सगळ्या फोटोभर पसरतो. तेव्हापासून मऊ सुती कापडाची चिंधी मी सोबतच ठेवते.

दुसऱ्या रात्री तुळशी वृंदावनाजवळची पणती आणि दीपमाळ टिपली. दृश्य स्थिर होते, फोन पायरीवर टेकवला होता. दादाच्या फोनने नाइट मोडमध्ये तीन सेकंद घेतले आणि आलेला फोटो थक्क करणारा होता, दीपमाळेचे सांधे मोजता यावेत इतका स्वच्छ. हा मोड एकच दीर्घ फोटो घेत नाही, तर अनेक फोटो पाठोपाठ घेऊन एकावर एक जुळवतो आणि त्यांची सरासरी काढून रव्यासारखे दाणे घालवतो. गूगलने २०१८ साली पिक्सेल फोनांत आणि अॅपलने २०१९ साली आयफोन ११मध्ये ही सोय दिल्यानंतर ती सर्वत्र रुळली. मग मी भाच्याला दीपमाळेपुढून चालत जायला सांगितले. दीपमाळ तशीच रेखीव राहिली आणि भाच्याच्या जागी धुराचा लोट आला. गेल्या वर्षी माझे काय चुकले ते तिथे कळले. नाइट मोड देवळासाठी आहे, नाचणाऱ्या माणसासाठी नाही.

मेगापिक्सेलचाही उलगडा त्याच रात्री झाला. भाच्याच्या फोनमध्ये पूर्ण ५० मेगापिक्सेलचा पर्याय निवडला तर अंधारात दाणे वाढत होते, आणि चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो घेणारा नेहमीचा पर्याय कितीतरी बरा होता. त्याचा सेन्सर १/२.७६ इंचाचा, दादाचा १/१.३ इंचाचा, म्हणजे प्रकाश झेलणारे क्षेत्रफळ तिपटीहून अधिक. पागोळ्यांचे पाणी धरायला तांब्याऐवजी घमेले ठेवावे, तसा हा फरक आहे. आणखी एक गोष्ट मला बोटानेच तपासता आली. दादाच्या फोनवर तिप्पट झूम लावून मी झूमच्या लेन्सवर बोट ठेवले, तरी पडद्यावर चित्र तसेच राहिले. कमी उजेडात फोन ती लेन्स बाजूला ठेवून मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र कापून मोठे करत होता. तेव्हा रात्री झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जाणे हिताचे.

सभामंडपातल्या एलईडी दिव्यांखाली फोटोंवर आडवे पट्टे येत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर, म्हणजे एका फोटोसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, हाताने १/१०० सेकंदावर ठेवताच पट्टे गेले. पिवळ्या हॅलोजनखाली फोन आपणहून चेहरे पांढरेफटक करत होता, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाचा हिशेब, ३२०० केल्व्हिनवर बांधला.

जत्रेच्या रात्री दादाचा फोन घेतला, नाइट मोड बंद, आणि सगळे हाताने ठरवू देणारा प्रो मोड चालू. रंगपटात एक नट पेटाऱ्यावर आरसा टेकवून डोळ्याखाली काजळाची बारीक रेघ ओढत होता. पहिल्या फोटोत ती रेघ पुसली गेली होती, कारण चेहरा मुलायम करणारी सोय मी बंद करायला विसरले होते. ज्या रेषेसाठी त्या माणसाने श्वास रोखून धरला होता, ती फोनने डाग समजून काढून टाकावी, याचे मला खरोखर वाईट वाटले. ती सोय बंद करून, त्यांना विचारून, दुसरा फोटो घेतला आणि त्यात रेघ आली, कपाळावरच्या गंधाच्या कडाही आल्या. पुढे युद्धाच्या प्रसंगात १/१०० सेकंदही अपुरे पडते हे दिसल्यावर मृदंगाच्या ठेक्याकडे कान दिला. थाप पडली की नट क्षणभर पवित्रा धरून थांबतो आणि तेवढ्यात बटण दाबायचे, हे दोन-तीन प्रसंगांनंतर जमू लागले. संकासुर मात्र एका जागी ठरत नाही. तो दिव्याच्या थेट समोर आला तेव्हाच घेतला. दाणे आले, पण काळ्या कापडाच्या चुण्या दिसतात.

पहाटे दहीहंडीच्या वेळी पूर्वेकडे फटफटले होते. दादाच्या फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून भाच्याचा घेतला आणि दही उडतानाचे थेंब त्यानेही सुटे सुटे टिपले. या वर्षी देवळाच्या संग्रहात एकेचाळीस फोटो लागले. त्यांतला हंडीचा तोच आहे.